सदाशिव पेठेतली अभ्यासिका आणि बारावी फिजिक्सच्या आधीचे नऊ दिवस (साडेतीन स्टार, अर्धा जिन्याचा)

नाव लिहीत नाहीये कारण ती चालवणाऱ्या काकांशी माझं काही वाकडं नाही आणि शिवाय डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलंय. एवढंच सांगते, पेरूगेटपासून चालत पाच मिनिटं, दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला. आता या वर्णनाच्या अभ्यासिका तिथे ढिगाने असतील त्यामुळे शोधत बसू नका.

माझी परिस्थिती अशी होती की घरी दादाचा साखरपुडा, हॉलमध्ये मावशी आत्या आणि त्यांची पोरं, आणि बारावीच्या फिजिक्सला नऊ दिवस. सोळा चॅप्टरपैकी झालेले सहा, तेही क्लासच्या टेस्टपुरते. प्रिलिमला सत्तरपैकी २३ होते, घरी ३२ सांगितले होते, म्हणजे आकडे तेच फक्त जागा बदललेल्या. बाबांनीच सांगितलं की जा बाई कुठेतरी बस जाऊन, इथे तुझं काही होत नाही.

फी आधी सांगते कारण सगळ्यांना तेच हवं असतं. नऊ दिवसांचे असे पैसे घेत नाहीत, कमीत कमी पंधरा दिवस, त्याचे ७०० आणि लॉकरच्या चावीचे २०० डिपॉझिट. एसी हॉल वेगळा, त्याला जास्त, पण फेब्रुवारीत एसी कशाला. काकांनी पावती दिली, सीट नंबर ४१ दिला आणि नियमांचा कागद वाचायला लावला, त्यात "खुर्ची ओढू नये, उचलून ठेवावी" याच्याखाली दोन रेघा आणि फोन वाजला तर ५० रुपये दंड.

आता सीट. हे नीट वाचा, जे सायन्सवाले आहेत त्यांनी तर नक्कीच. टेबलाची रुंदी मी पट्टीने मोजली (पहिल्या दिवशी अभ्यास सोडून हेच केलं), ३० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या आणि वर चार बोटं. दोन्ही बाजूंना प्लायवूडचे पार्टिशन, समोर फळी, फळीवर ट्यूब. एमपीएससीवाल्यांना हे बास आहे, ते एक जाडजूड पुस्तक उघडतात, हायलायटर घेतात आणि तीन तास हलत नाहीत. पण फिजिक्स वाचायचा विषय आहे का? टेक्स्टबुक उघडं पाहिजे, मागच्या वर्षीचा पेपर पाहिजे, लॉग टेबल (कॅल्क्युलेटरऐवजी वापरायचे आकड्यांचे तक्ते) पाहिजे, रफ पानं पाहिजेत, आणि हे सगळं एकाच वेळी. मी लॉग टेबल मांडीवर ठेवायचे, ते घसरून खाली पडलं की आख्खा हॉल वळून बघायचा. त्यात पंखा बरोब्बर डोक्यावर, सुटी पानं उडायची, शेवटी कंपासपेटी, मोबाईल आणि डब्याचं झाकण असे तीन पेपरवेट करून बसले. वाचणाऱ्यांसाठी केलेली अभ्यासिका आहे ही, लिहिणाऱ्यांसाठी नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

शांतता मात्र खरोखर शंभर टक्के. इतकी की माझं पेन खरखरतंय म्हणून दुसऱ्या दिवशी पलीकडच्या सीटवरून चिठ्ठी आली, "जेल पेन वापर ना प्लीज". वापरलं.

पण या शांततेत माझी गोची अशी झाली की मला डेरिव्हेशन (फॉर्म्युला पायरीपायरीने सिद्ध करणं) तोंडाने म्हटल्याशिवाय पाठ होत नाही, आणि इथे ओठ हलवले तरी लोक बघतात. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी जिन्यात बसायला लागले, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, चपलांच्या रॅकच्या वर. तिथे ४० नंबरची ताई चहा घेऊन यायची. साताऱ्याची आहे, राज्यसेवेचा तिसरा अटेम्प्ट, फिजिक्स दहावीला सोडलं ते सोडलं. तिला मी पुस्तक धरायला दिलं आणि म्हटलं ताई तू फक्त ओळी जुळतात का बघ. बँकिंग ऑफ रोड्स चाललं होतं, वळणावर रस्ता बाहेरच्या कडेला उचलून तिरका केलेला असतो, त्यावर मॅक्झिमम स्पीड काढायचा ते. मी म्हणत गेले, एन कॉस थीटा बरोबर एमजी वजा एफ साइन थीटा (एन म्हणजे रस्त्याचा रेटा, एमजी गाडीचं वजन, एफ फ्रिक्शन म्हणजे घर्षण, थीटा रस्त्याचा तिरकेपणा). ताई म्हणाली, "थांब, इथं अधिक हाय." मी म्हटलं हो हो अधिक, कारण फ्रिक्शन उताराच्या खालच्या दिशेला असतं. हे वाक्य मी वर्षभर म्हणतेय. तर ती म्हणाली, "का गं, गाडी घसरली तर खालीच येणार ना, मग फ्रिक्शननं तिला वर धरायला पायजे."

मी गप्प. खरंच सांगते मला उत्तर येत नव्हतं. क्लासला सव्वा लाख फी, दोन वर्षं, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही, सरांनी फळ्यावर बाण खाली काढला म्हणून मी वहीत खाली काढला. मग ताईच चहाचा घोट घेऊन म्हणाली, "पण आमच्या खंबाटकीच्या बोगद्याच्या पुढच्या वळणाला गाड्या जोरात आल्या की भाईरच फेकल्या जात्यात, आत कुठं येत्यात." तिथे माझी ट्यूब पेटली. स्पीड जास्त झाला की गाडी बाहेर, म्हणजे उताराच्या वरच्या कडेला घसरायला बघते, म्हणून फ्रिक्शन खाली, आणि स्पीड कमी असेल तर ताईचं बरोबर, गाडी खाली यायला बघते आणि फ्रिक्शन वर. मॅक्झिमम आणि मिनिममच्या फॉर्म्युल्यात प्लस मायनस का उलटे होतात हे मला सदाशिव पेठेत जिन्यात बसून कळलं. त्यानंतर रोज संध्याकाळी साडेपाचला चहा आणि दोन डेरिव्हेशन असं ठरूनच गेलं, बदल्यात मी तिच्या करंट अफेअर्सच्या नोट्समधले प्रश्न विचारायचे. "ही ओळ खाल्लीस बघ" एवढं सांगायला फिजिक्स यावं लागत नाही.

लॉग टेबलचं पण सांगते. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही हे माहिती असतं सगळ्यांना, पण वर्षभर सगळी गणितं मोबाईलवर केलेली असतात. मी रेडियमच्या हाफ लाइफचं (निम्मं रेडियम संपायला लागणारा काळ) गणित केलं आणि उत्तर आलं एक लाख साठ हजार वर्षं. यायला हवीत १६००. अर्धा तास गेला चूक शोधण्यात, ०.६९३ चा लॉग म्हणजे बार एक पॉइंट ८४०७ (बार म्हणजे एकाच्या डोक्यावर आडवी रेघ, तो एक उणे धरायचा), मी घाईत तो डोक्यावरचा बार द्यायचाच विसरले होते. एक आडवी रेघ आणि उत्तर शंभरपट. म्हणून ज्यांच्याकडे कमी दिवस आहेत त्यांनी नवीन चॅप्टर उघडण्याआधी एक आख्खा तास फक्त लॉग अँटीलॉग करा, बोअर होतं पण करा.

आणि घाबरू पण नका, कारण पेपरात ऑप्शन भरपूर असतो. दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन. एमसीक्यू आणि एक मार्कवाले धरून पेपरात ९८ मार्कांचं छापलेलं असतं आणि आपल्याला ७० चं लिहायचं असतं. हे कळल्यावर मी उलटं चालले, शेवटून, सेमिकंडक्टर, मग ॲटम्स अँड न्यूक्लियाय, मग ड्युअल नेचर, तिन्ही दोन दिवसांत झाले कारण बोहर रेडियस सोडला तर तिथे फार लांबलचक काही नाही. एसी सर्किट्स मी सोडला. सीईटीला लागणारच आहे, तेव्हा बघू.

वायफाय. पाटीवर आहे, प्रत्यक्षात पासवर्ड दर दोन दिवसांनी बदलतो आणि तो फक्त काकांना माहिती, आणि काका दुपारी एक ते चार घरी जेवायला आणि झोपायला. म्हणजे युट्यूबचे ते सात सात तासांचे वन शॉट बघायला येणार असाल तर स्वतःचा डेटा ठेवा. पाणी थंड, टॉयलेट ठीक, सकाळी बरं असतं संध्याकाळी नाही. कोपऱ्यावर पोहे चांगले मिळतात.

आता तक्रार, आणि दीड स्टार यासाठीच कापलाय. बोर्डवर मोठ्या अक्षरात "२४ तास सुरू" लिहिलंय. पैसे भरून झाल्यावर कळलं की २४ तास फक्त मुलांचा हॉल, लेडीज सेक्शन रात्री दहाला बंद. फी सारखीच. मी विचारलं तर काका म्हणाले, "अगं सेफ्टीसाठी आहे ते, तुझे वडीलच उद्या मला विचारतील." बाबा खाली स्कूटर घेऊन उभे होते, ते म्हणाले मी रात्री एकला येतो न्यायला, तरी नाही. मला जागरणाची सवय आहे, माझं डोकं दहालाच चालू होतं, आणि बरोब्बर तेव्हा काका किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरायला लागतात. शेवटच्या रात्री मी घरी स्वयंपाकघरात ओट्यावर टेक्स्टबुक ठेवून उभ्याने वेव्ह ऑप्टिक्स केलं, बाजूला साखरपुड्याचे उरलेले बेसनाचे लाडू. २४ तास नाही तर बोर्डवर लिहू नका ना, किंवा फी तरी कमी घ्या.

पेपर कसा गेला हे विचारू नका, रिझल्टला कळेल. चार मार्कांचे तीन प्रश्न सोडवून झाले, शेवटची दहा मिनिटं वाढवून देतात ती मला पुरली नाहीत, एक न्यूमेरिकल अर्धं राहिलं. बार मात्र प्रत्येक ठिकाणी दिला.

तर एमपीएससी, सीए, लॉ, ज्यांचं वाचायचं काम आहे त्यांनी डोळे झाकून घ्या. बारावी सायन्सवाल्यांनी आधी टेबल मोजा, कोपऱ्यातली सीट मागा, तिथे पंखा लागत नाही. मुलींनी वेळ विचारून पैसे भरा. सीईटीला मी परत जाईन की नाही माहीत नाही, ताईची राज्यसेवेची प्रीलिम होईपर्यंत ती तिथेच आहे म्हणून बहुतेक जाईन.

चावी परत करून अकरा दिवस झाले, २०० रुपये अजून नाहीत. काका म्हणाले सोमवारी ये. कुठल्या सोमवारी ते नाही म्हणाले.