शेवटचा बर्फ की पहिलं पाणी?

अमेरिकेतल्या मिनेसोटात गळ टाकणाऱ्याच्या वर्षात एक खिंडार असतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आतल्या तळ्यांवर वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक हे मासे धरणं बंद होतं, ते उघडतं थेट मेच्या मध्याला, मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) वीकेंडच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी. मधल्या दहा-अकरा आठवड्यांत हक्काचे म्हणावेत असे मासे उरतात तीन: क्रॅपी, सनफिश आणि पर्च. याच आठवड्यांत कधीतरी तळ्याचं छप्परही उडून जातं. त्यामुळे प्रश्न असा येतो, की मार्चमध्ये शेवटच्या बर्फावर जाऊन बसायचं, की एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर काठावर उभं राहायचं?

इथली जुनी मंडळी सांगतात, दोन्ही करा. त्यांची गॅरेजं मोठी असतात आणि मुलंही मोठी झालेली असतात. ज्याच्या वाट्याला मुलांची मराठी शाळा, वाढदिवस आणि बर्फाखालून निघालेला अंगणातला कचरा यातून मोकळ्या चार-पाच दुपारी येतात, त्याला निवड करावीच लागते. मी सहा वर्षं बर्फावर काढली, नंतर काठावर आलो. जे सांगतोय ते तेवढ्याच जोरावर. मोजमापाची वही मी ठेवलेली नाही.

आधी बर्फाची बाजू, कारण ती भक्कम आहे. (हा शब्द मार्चमध्ये जपून वापरावा.)

माझ्याकडे होडी नाही. उन्हाळ्यात त्यामुळे मी पाण्याच्या कडेला उभा आणि मासे दोनशे हात आत, असा कायमचा तिढा. बर्फ हा तिढा सोडवतो. चालता येतं तोपर्यंत सगळं तळं तुमचं. साठ हजार डॉलरची बोट बाळगणारा आणि पालथ्या बादलीवर बसणारा एकाच खड्ड्याच्या डोक्यावर शेजारी शेजारी बसतात. शिवाय राज्याच्या नियमाने बर्फातून दोन गळ सोडता येतात, उघड्या पाण्यात एकच. एकावर छोटी मिन्नो (आमिषाची बारीक मासोळी), दुसऱ्यावर मेणकिडा, म्हणजे आज माशांना काय हवंय ते अर्ध्या तासात कळतं.

आणि मार्चचा मासा जानेवारीतल्यासारखा सुस्त नसतो. वरचा स्नो वितळून बर्फ उघडा पडला की खाली उजेड पोचतो, पाणवनस्पती जाग्या होतात. वितळलेलं पाणी पाडलेल्या भोकांतून गरगर फिरत खाली उतरतं आणि जाताना प्राणवायू नेतं. हिवाळाभर खोल खड्ड्यात मरगळून असलेले क्रॅपी उथळाकडे सरकायला लागतात. लहानपणी चिपळूणला पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून शेतात शिरायचे, तेव्हा गावात जी धावपळ उडायची तिची आठवण यावी असा हा काळ. कारण तेच नाही, इथे विणीला अजून महिना-दोन महिने असतात. पण आळस झटकलेला मासा हाताला वेगळा लागतो, एवढं खरं.

मासे किती मिळतात, एवढाच तुमचा निकष असेल तर इथेच थांबा आणि बर्फावर जा. क्रॅपीची राज्यभरची मर्यादा माणशी 10 आहे, काही तळ्यांवर त्याहून कमी. मार्चच्या चांगल्या दिवशी मी ती गाठलेली आहे. एप्रिलमध्ये काठावरून गाठल्याचं आठवत नाही.

आता धोक्याबद्दल. मित्र आधी तेच विचारतात. 4 इंच बर्फावर माणूस चालू शकतो, हा हिशेब डिसेंबरच्या नव्या, काचेसारख्या बर्फाचा. मार्चअखेरचा बर्फ दीड फूट असला तरी आतून मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला असू शकतो, म्हणजे जाडी मोजून समाधान मानण्यात अर्थ नसतो. पहार हातात घ्यायची, पुढे ठोकायची, मग पाऊल टाकायचं. गळ्यात बर्फाचे टोचे, अंगात तरंगणारं जाकीट, सोबत कुणीतरी. जुनी भोकं वितळून रुंद झालेली असतात, त्यांच्यावर नजर ठेवायची. शंका आली की परत फिरायचं. हे सगळं पाळूनही एकदा काठाजवळ माझा पाय मांडीपर्यंत आत गेला. तळ लागला म्हणून त्याचा किस्सा झाला. तरी खरं सांगतो, बर्फ मी त्यामुळे सोडला नाही. तसं कारण सांगायला बरं वाटलं असतं.

बर्फ सोडला तो स्लेडमुळे.

स्लेड म्हणजे प्लॅस्टिकची लांबट परात. तिच्यात ऑगर (सुताराचं गिरमिटच, फक्त कमरेएवढं), घडीचा तंबू, हीटर, गॅसचा डबा, दोन बादल्या, आमिषाचा डबा, पहार आणि चहाचा थर्मास. जानेवारीत ही परात दोन बोटांनी ओढता येते. गाडीपासून भोकापर्यंत पांढराशुभ्र गालिचा अंथरलेला असतो. तुम्हाला वाटतं, काय सोपं काम आहे.

मार्चमध्ये तळ्यावर बर्फ असतो, पण जमिनीवरचा गेलेला असतो. ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. गाडी लावायची तिथून काठापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं डांबर, मग खडी, मग चिखल. पहाटे साडेपाचला, आजूबाजूच्या घरांतले लोक झोपलेले असताना, भरलेली प्लॅस्टिकची परात डांबरावरून ओढली की जो खरखराट होतो, तो ऐकून कुत्री भुंकतात आणि खिडक्यांत दिवे लागतात. दोन खेपा कराव्यात तर अंधारात सामान उघड्यावर सोडायचं. आधी तंबू बर्फावर ठेवून जाता यायचा, पण मार्चच्या पहिल्या सोमवारी दक्षिणेकडच्या आणि तिसऱ्या सोमवारी उत्तरेकडच्या तळ्यांवरची बर्फघरं हटवायची मुदत संपते. मग तंबू नेता येतो, पण रात्रीचा तिथे सोडून येता येत नाही. म्हणजे रोजचं बिऱ्हाड पाठीवर.

हे झालं जातानाचं. येताना दुपारचे दोन वाजलेले, वरचा थर वितळून घोटाभर राडा झालेला, बर्फ आणि पाण्याचं पिठलं. सकाळी सुळकन गेलेली परात आता डबक्यातल्या म्हशीसारखी बसते. ओढा, ढकला, दोरी खांद्यावर घ्या, ती हलत नाही. मी तिच्यासाठी घडीची चाकं आणली. चाकं डांबरावर छान चालली आणि राड्यात रुतली. चाकं काढली तर डांबरावर परात घासायची. तिसऱ्या वर्षी घासून घासून परातीला मागच्या बाजूला अंगठ्याएवढं भोक पडलं आणि आता राडा आत यायला लागला. ऑगर भिजली, हातमोजे भिजले, मुलांसाठी ठेवलेली चिक्की भिजली. त्या दिवशी पाच क्रॅपी मिळाले होते, चांगले तळहाताएवढे. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं? मी मासे सोडून चाकांबद्दल बोलत बसलो.

तुमच्याकडे चार चाकांची एटीव्ही असेल, किंवा काठाला लागूनच घर असेल, तर वरचे सगळे परिच्छेद विसरा. तुमचा हिशेब वेगळा येईल.

आता एप्रिल. सामान: एक काठी, एक बादली, खिशात जिगांची (शिशाचं डोकं असलेले छोटे गळ) डबी. गाडी लावली, दार लोटलं, चालायला लागलो.

बाकी एप्रिलमध्ये गैरसोयी भरपूर आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही. पहिली म्हणजे तारीख. बर्फ कधी जाईल हे तळं सांगत नाही. मिनिआपोलिसजवळचं मिनेटॉन्का तळं साधारण एप्रिलच्या मध्याला मोकळं होतं, पण 2024 साली ते मार्चच्या मध्यालाच मोकळं झालं आणि 2018 साली मे उजाडला तरी बर्फ हटायला तयार नव्हता. 2013 साली तर वॉलायचा हंगाम उघडला त्या दिवशी मिल लॅक्स तळ्यावर बर्फच होता. म्हणजे सुट्टी आधी मागून ठेवता येत नाही. दुसरी म्हणजे वारा. पुढे त्याचं बोलतोच. तिसरी म्हणजे गेल्या वर्षीची वाळकी पाणकणसं. माझ्या निम्म्या जिग त्यांत अडकून राहिल्यात.

पण एकदा बर्फ गेला की तळं कसं वागतं हे समजलं, तर काठावरच्या माणसालाही डाव मिळतो. पाणी सर्वांत जड असतं 4 अंश सेल्सिअसला. वरचं थंडगार पाणी तापत तापत त्या आकड्याला पोचलं की वर-खाली भेद राहत नाही आणि वारा सगळं तळं ढवळून काढतो. मोठं पाणी मग कितीतरी दिवस गारठलेलंच राहतं. मात्र काळ्या गाळाच्या उथळ खाड्या ऊन पितात. त्यातही तळ्याच्या उत्तर काठच्या खाड्या, कारण त्यांना दक्षिणेचं ऊन थेट मिळतं आणि उत्तरेच्या वाऱ्याला पाठ असते. मिनेटॉन्का म्हणजे एक तळं नव्हेच, अरुंद कालव्यांनी जोडलेल्या खाड्यांची माळ आहे, त्यामुळे अशा जागा तिथे पुष्कळ. तिथलं पाणी मोठ्या पाण्यापेक्षा चार-सहा अंश फॅरनहाइटने जरी वर असलं, तरी बारीक जीव तिथे जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे क्रॅपी. हे अंडी घालायला नव्हे. त्यासाठी पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या घरात जावं लागतं. हे नुसते जेवायला आलेले असतात. होडीवाल्यांपेक्षा अशा वेळी काठावरचा माणूस माशाच्या जवळ असतो, आणि वर्षातून हे एवढे दोन-तीन आठवडेच.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. दोन दिवस दक्षिणेचं वारं असेल तर उबदार वरचं पाणी उत्तरेच्या खाडीत येऊन साचतं. उत्तरेचं सुटलं की तेच पाणी हाकलून लावलं जातं, मागे गार पाणी येतं आणि काल जिथे बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा) सारखा बुडत होता तिथे आज सामसूम. अशा दिवशी मी घरी बसतो. बर्फावरच्या माणसाला तंबू लावून रेटता येतं, मला येत नाही, हे मान्य.

पद्धत ठाऊक असेलच, तरी माझी सांगतो: औंसाच्या बत्तिसाव्या भागाची जिग, तिला लहान मिन्नो, वर सरकता बॉबर, आणि खोली दोन ते चार फूट. फार ओढायचं नाही. चिपळूणला आजोबांबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचो तेव्हा तेही हेच म्हणायचे, की आमिष जरा नाचवून मग विसरून जा. क्रॅपी बॉबर बुडवतोच असं नाही. पुष्कळदा तो खालून वर येऊन घेतो आणि बॉबर आडवा पडतो. आडवा पडला की उचला. पहिल्या वर्षी बुडण्याची वाट बघत मी किती सोडले, कोण जाणे.

आणि वेळ. एप्रिलच्या पहाटे काठावर जाण्यात काही मतलब नाही. पाणी रात्री गारठतं, दिवसभर तापतं. मासा वर येतो तो दुपारी तीननंतर, आणि खरा जोर मावळतीला. म्हणजे रविवारचं वरण-भात-लिंबू व्यवस्थित जेवून, एक डुलकी काढून, मुलांना बरोबर घेऊन निघता येतं. मुलांना बर्फावर न्यायला घरून कधीच परवानगी मिळाली नाही, आणि मीही फार मागितली नाही. काठावर ती चिखलात खेळतात, बेडूक शोधतात. इथले ते चिमुकले कोरस बेडूक कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखे ओरडतात आणि धाकट्याला प्रत्येक वेळी वाटतं की कुणीतरी खरंच कंगवा घेऊन बसलंय.

तिसरा पर्यायही आहे, उत्तरेला कॅनडाच्या सीमेवरची रेनी नदी. तिथे वॉलाय 14 एप्रिलपर्यंत धरता येतो, पण 2019 पासून मार्च-एप्रिलमध्ये धरून सोडून द्यायचा असतो. मोठे मासे, मोठी गर्दी, चार-पाच तासांचं ड्रायव्हिंग, आणि होडी हवीच. मित्राच्या होडीतून एकदा गेलो होतो, मजा आली. पण मासा धरून सोडून देण्यात कोकणातल्या माणसाचा जीव रमत नाही, हा माझा दोष समजा.

क्रॅपीच्या चवीत मार्च आणि एप्रिल यांत मला फरक जाणवलेला नाही. दोन्ही वेळा पाणी गार, मांस घट्ट. मिरची-हळद, कोकमाचं आगळ, रव्यात घोळवून तळायचं. मुडदुशाची आठवण येण्याइतका हा मासा नाजूक आहे, फक्त समुद्राचा खारटपणा नाही.

एखादा नवा माणूस विचारतो तेव्हा मी म्हणतो, पहिलं वर्ष बर्फ करून बघा, कुणाच्या तरी तंबूत, कुणाच्या तरी स्लेडवर. तो अनुभव चुकवू नये. सामान मात्र विकत घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आधी मार्चमध्ये एकदा रिकामी परात गाडीपासून पाण्यापर्यंत ओढून बघा.

माझी परात अजून आहे. भोक बुजवायचं राहूनच गेलं. दरवर्षी मेअखेरीस, थंडीचा शेवटचा झटका येऊन गेला की मी तिच्यात माती भरतो आणि मेथी पेरतो. जास्तीचं पाणी मागच्या भोकातून निघून जातं.