लर्निंग लायसन्सच्या नावाखाली ४,९४९ रुपये गेले आणि वर दोन दंड. घरात कोणी लायसन्स काढणार असेल तर आधी हे वाचा

आकडे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनाही कळेल. सरकारी वाटणाऱ्या एका खोट्या साईटवाल्यांना ८९९, मग १,४५०, मग २,६००. झाले ४,९४९ रुपये. त्यावर ट्रॅफिक पोलिसांकडून मला ५,००० आणि माझ्या मिस्टरांना ५,०००, कारण स्कूटर त्यांच्या नावावर आहे आणि लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली वेगळा दंड लागतो. मला कलम १८१, लायसन्स नसताना गाडी चालवली म्हणून. म्हणजे १४,९४९ रुपये, आणि ते कशासाठी तर लर्निंग लायसन्ससाठी, ज्याची सरकारी फी एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये एवढीच आहे!!

मला आता हे ऐकायचंच नाहीये की "एवढी शिकलेली बाई कशी फसली". ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा मोबाईलवर लर्निंग लायसन्स ऑनलाइन असं सर्च करून बघावं. सगळ्यात वर जे येतं ते जाहिरातीचं असतं, आणि त्या बारीक अक्षरातल्या "प्रायोजित" कडे कोणाचं लक्ष जातं? सरकारी साईटचा पत्ता पाठ करून कोण बसतं? मी उघडली ती साईट तिरंगी पट्टीची, वर अशोकस्तंभ, नावात परिवहन, आपला आरटीओ निवडायची यादी, रक्तगट, ओळखीची खूण, सगळं जसं खऱ्या फॉर्ममध्ये असतं तसंच. आधार, फोटो, सही अपलोड करायला सांगितली. खऱ्या अर्जातही हेच मागतात ना? मग संशय यायचा कशावरून?

फॉर्म संपला तेव्हा ८९९ रुपये भरा आलं. अर्ज, प्रोसेसिंग आणि प्रश्नसंच असं लिहिलेलं. मला वाटलं फी वाढली असेल. पैसे भरले आणि अर्ध्या तासात एका माणसाचा फोन, एकदम अदबीने बोलणारा, "मॅडम, परिवहन सेवेतून बोलतोय, तुमचा अर्ज मिळालाय". व्हॉट्सॲपवर प्रश्नसंचाची पीडीएफ पाठवली, मराठीतून.

आता हे महत्त्वाचं आहे, कारण त्या पीडीएफवर मी मनापासून अभ्यास केला. रात्री पोरं झोपली की घेऊन बसायचे. गोल लाल कडेच्या खुणा आदेशाच्या, त्रिकोणी सावधानतेच्या, निळ्या चौकोनी माहितीच्या. पार्किंग मनाईला एक तिरकी रेघ आणि थांबायलाच मनाई असेल तर दोन रेघांची फुली, हे मी वहीत काढून ठेवलेलं. निम्म्यापेक्षा जास्त प्रश्न बरोबर होते, म्हणून तर विश्वास बसला. पण मधूनमधून उत्तरं चक्क चुकीची. घाटात अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर आधी कोण जाणार, त्याला त्यांनी लिहिलं होतं उतारावरून येणारा. नियम बरोबर उलटा आहे, चढाने वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची. हे मला नंतर कळलं. म्हणजे नुसते पैसे नाही घेतले, घाटात अपघात होईल असं शिकवलं त्या लोकांनी, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मग आला दुसरा फोन. परीक्षेचा स्लॉट दीड महिन्यानंतरचा मिळतोय, अर्जंट पाहिजे असेल तर १,४५०. मुलीची शाळा सुरू व्हायची होती, रोज रिक्षाला किती जातात ते ज्यांना भरावे लागतात त्यांनाच माहीत. भरले. परीक्षा घरूनच म्हणाले, आणि यातही मला काही वावगं वाटलं नाही, कारण आधारवरून घरबसल्या लर्निंगची परीक्षा द्यायची सोय आपल्या महाराष्ट्रात २०२१ पासून खरोखरच आहे. माझ्या नणंदेच्या मुलाने तशीच दिलेली. अशा खऱ्या सोयीच्या आडून हे लोक काम करतात.

लिंक आली, दहा प्रश्न, वेळेचं बंधन काही नाही. सगळे बरोबर. खरी परीक्षा कशी असते ते आता लिहून ठेवा: पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यावे लागतात, प्रत्येक प्रश्नाला घड्याळ लावलेलं असतं, आणि परीक्षेच्या आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. ज्या परीक्षेत हे काहीच नाही ती परीक्षाच नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. परीक्षेनंतर लायसन्सची पीडीएफ आली. माझा फोटो, सही, क्यूआर कोड, नंबर, सगळं. आणि वैधतेच्या रकान्यात पुढच्या वर्षाची तारीख. पूर्ण एक वर्ष. त्यांच्याच प्रश्नसंचात प्रश्न होता की शिकाऊ लायसन्स किती काळ चालतं, आणि मी आदल्याच दिवशी त्याला सहा महिने असं उत्तर दिलेलं, आणि त्यांनी ते बरोबर धरलेलं! तो कागद माझ्या हातात होता, सासूबाईंना मी तो मोठ्याने वाचून दाखवला, तारखेसकट. सासूबाई म्हणाल्या पण, "वर्षभर आहे होय, बरं झालं." तिथे थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही असं कोणी म्हणू नका, मी त्या माणसाला लगेच मेसेज करून विचारलं की सहा महिने असतात ना. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे, "नवीन नियम मॅडम, आता एक वर्ष". आता मला सांगा, आपल्याकडे नियम बदलत नाहीत का? फी बदलते, दंड बदलतात, फॉर्म बदलतात. २०१९ ला दंड किती वाढले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. घरात बसलेल्या माणसाने कोणता नियम कधी बदलला हे कुठे तपासायचं? क्यूआर कोड मी स्कॅन पण केला. माझंच नाव, माझाच फोटो उघडला. फक्त तो उघडला त्यांच्याच साईटवर. क्यूआर स्कॅन झाला म्हणजे कागद खरा, हे डोक्यातून काढून टाका. कोड कोणीही बनवतं, तो कुठे नेतो ते बघा.

तिसरे २,६०० याच आनंदात गेले. पक्क्या लायसन्सची फी आत्ताच भरली तर तीस दिवसांनी ड्रायव्हिंग टेस्टची तारीख आपोआप लागेल म्हणे. लर्निंग मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी जाता येतं हे खरं आहे, म्हणूनच ते पटलं. खरी फी टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २०० आहे. आणि तिन्ही वेळा पैसे भरताना यूपीआयवर नाव आलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारलं तर म्हणे पेमेंट पार्टनर. सरकारचे पैसे ट्रेडर्सच्या खात्यात जात नाहीत!! हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

पुढचं थोडक्यात. एल बोर्ड लावून स्कूटर शिकत होते, नाक्यावर अडवलं, मी ऐटीत पीडीएफ दाखवली. ट्रॅफिकच्या ताईंनी मशीनमध्ये नंबर टाकला, परत टाकला, मग म्हणाल्या, "ताई, हा नंबर सिस्टीमला नाहीच. बोगस आहे हे." मागे मुलगी बसलेली, आजूबाजूला लोक. मी भांडले, मग रडले. त्यांनी दंड काही सोडला नाही, आणि कायद्याने त्यांचं बरोबर होतं, पण मी फसवली गेलेली आहे आणि दंड मलाच, हे अजून पचत नाही. घरी आल्यावर आणखी एक कळलं की त्या दिवसांत माझ्या हातून कोणाला लागलं असतं तर विमा कंपनीने जखमीला दिलेले पैसे आमच्याकडून वसूल केले असते, कारण गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्सच नाही. तेव्हापासून मिस्टर माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर ठाणे अंमलदार म्हणाले, हे सायबरचं आहे, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. १९३० लागला, माहिती घेतली, तक्रार क्रमांक दिला, पण म्हणाले पैसे जाऊन बरेच दिवस झाले, खातं गोठवून आता काही हाती लागणं अवघड. अहो, मला फसवलंय हे कळलंच नाक्यावर, त्याआधी मी कशाची तक्रार करणार होते? परत स्टेशनला गेले की गुन्हा नोंदवा, तर म्हणे आरोपीचं खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्दीत बसत नाही. आता नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते असं स्पष्ट आहे, जुलै २०२४ पासून लागू आहे. माझ्या भावाने ते छापून दिलं, मी टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं सुद्धा नाही, "अर्ज ठेवून जा" एवढंच. पोच मागितली तर चेहरा असा केला की जणू मी त्यांच्याच पैशाला हात लावलाय. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका, मी उठले नाही, शेवटी शिक्का मारून मिळाली.

बँकेत गेले. तिथला मुलगा म्हणाला, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा, आमची जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम आहेत, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य वगैरे, पण ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना. आपण स्वतः पिन टाकून फसलो तर ते लागू होत नाही असं सांगून मोकळे. मग फसवणूक म्हणजे काय असते? माणूस संमती देतो तेव्हाच तर फसतो ना?

आणि आरटीओत तर कहर. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "एजंटच्या नादी कशाला लागता?" मी कुठल्याही एजंटकडे गेले नव्हते हो, मी ऑनलाइन सरकारी अर्ज भरतेय असंच समजत होते! हे मी समजावून सांगत होते आणि त्याच गेटबाहेर खुर्च्या टाकून बसलेले दलाल जाणाऱ्या येणाऱ्याला "लर्निंग का, पक्कं का" विचारत होते. त्यांना कोणी काही म्हणत नाही, बोर्ड मात्र लावलाय की दलालांपासून सावध. खोट्या साईटची लेखी माहिती देऊ केली तर घ्यायलाच कोणी तयार नाही, हा म्हणतो वरच्या ऑफिसला, वरचे म्हणतात ईमेल करा, ईमेलला अजून उत्तर नाही. माझ्या नावाने त्यांच्या खात्याचं खोटं लायसन्स छापलं गेलंय, त्यांना राग यायला नको का?

तर जे करायचं ते करा. खरा पत्ता सारथी डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन, शेवट गव्ह डॉट इन नसेल तर बंद करा, मधे कुठेतरी परिवहन लिहिलंय याला अर्थ नाही. अर्ज क्रमांक मिळाला की तोच क्रमांक जन्मतारखेसह त्या साईटवर टाकून स्थिती बघा, तिथे दिसत नसेल तर तुमचा अर्ज झालेलाच नाही, कोणी काहीही पीडीएफ पाठवो. प्रश्नसंचाला एक पैसा देऊ नका, सरावाची परीक्षा सारथीवरच फुकट आहे. नापास व्हायला घाबरू नका, परत ५० रुपये भरून देता येते, या ५० रुपयांच्या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो. कोणी ॲप डाउनलोड करायला फाईल पाठवली, चलन असो की लायसन्स, तर उघडू पण नका, खातं रिकामं होतं. आणि माझ्यासारखं आधार देऊन बसला असाल तर आजच एमआधारवरून, म्हणजे आधारच्या सरकारी ॲपवरून, बायोमेट्रिक लॉक करा, आणि संचार साथी या दूरसंचार खात्याच्या साईटवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. मी बघितलं, सध्या तरी आमचीच आहेत, पण दर महिन्याला बघणार आहे.

व्हॉट्सॲपचं बोलणं डिलीट करू नका, मी रागाच्या भरात करणार होते, भावाने हात धरला म्हणून वाचलं. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, साईटचा पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट, फोन नंबर, सगळं एका ठिकाणी ठेवा, साईट कधीही गायब होते. माझी झाली. आणि आज सकाळी परत सर्च केलं तर तोच फॉर्म, तीच तिरंगी पट्टी, नाव वेगळं, जाहिरात सगळ्यात वर. मी रिपोर्ट केली आहे आणि १९३० च्या तक्रारीत नवीन पत्ताही जोडलाय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही रिपोर्ट करा, एकट्या माझ्या तक्रारीने ती उतरलेली नाही.