क्वायरसाठी घ्या, रॅपसाठी नको : झूम एच५ चर्चमध्ये

हिप-हॉपची बीट, त्यावर येशूचं नाव घेणारा रॅप आणि मागे पूर्ण गळ्याने गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चच्या ढंगाची भक्तिगीतं, गाणारा क्वायर, असं गाणं मराठीत करायचं ठरवलं की पहिली अडचण रॅपची नसतेच. रॅप एका गळ्याचा. तो घरी कपाट उघडून, पाठीमागे गोधडी टांगूनही नीट रेकॉर्ड होतो. क्वायर मात्र घरात मावत नाही. लहान स्टुडिओच्या बूथमध्ये चार माणसं उभी राहिली की दार लागत नाही, आणि चौघांचाच आवाज दहादा चढवून 'क्वायर' केला तर तो चौघांचाच वाटतो. म्हणून यंत्रच चर्चमध्ये न्यावं लागतं. झूम कंपनीचा एच५ हा हातात मावणारा रेकॉर्डर या कामाला कितपत उपयोगी, एवढाच इथला विषय.

एच५ बाजारात आला २०१४ मध्ये, म्हणजे यंत्र नवं नाही. पुढे एक्सवाय पद्धतीचे, म्हणजे एकमेकांना तिरके लावलेले दोन माइक, खाली एक्सएलआर (माइकच्या केबलची तीन टोकांची पिन) किंवा मोठी जॅकपिन घेणारी दोन तोंडं, आवाजाची पातळी ठरवायला खरीखुरी फिरवायची बटणं, आणि दोन डबल-ए सेल. मेनूत शिरून पातळी बदलण्यापेक्षा बोटाने बटण फिरवणं चर्चमध्ये किती सोयीचं, ते क्वायरच्या संचालकाचा हात वर गेलेला असताना कळतं.

आधी क्वायर का, आणि चर्चच का, ते सांगायला हवं. या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कान्ये वेस्टचं २००४ मधलं 'जीझस वॉक्स'. त्यातला क्वायर त्या गाण्यासाठी गाऊन घेतलेला नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या, एआरसी क्वायरच्या जुन्या रेकॉर्डिंगचा तो सॅम्पल, म्हणजे उचललेला तुकडा आहे. त्या आवाजाला खोली आहे, भिंती आहेत, आणि माणसं काहीतरी सोसून आलेली आहेत हे त्यातून ऐकू येतं. आपण सॅम्पल उचलायचा म्हटलं तर दोन परवानग्या लागतात : गाणं रचणाऱ्याची एक आणि ते रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची दुसरी. त्यापेक्षा आपलाच क्वायर, आपल्याच चर्चच्या भिंतींसकट टिपणं सोपं. शब्दांचीही उणीव नाही. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांचे अभंग, भजनं मोकळी आहेत. फक्त चाल कोणाची, हे वेगळं तपासा. शब्द जुने आणि चाल परवाची, असं 'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या गीतसंग्रहातल्या गीतांच्या बाबतीतही होऊ शकतं.

आता यंत्राकडे.

एच५चे पुढचे दोन माइक ९० अंशांच्या कोनात पक्के बसवलेले आहेत. दोन्हींची डोकी एकाच जागी असल्याने डाव्या-उजव्या आवाजात वेळेचा फरक पडत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण हे गाणं बहुतेक लोक फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणार. लांब-लांब ठेवलेल्या दोन माइकांचा आवाज एकत्र केला की काही सूर एकमेकांना खातात आणि क्वायर पोकळ होतो. इथे तसं होत नाही. मोबदल्यात स्टिरिओचा पसारा थोडा अरुंद मिळतो, आणि तो परवडतो, कारण मधली जागा रॅपला हवी असते, तेवढी ती मिक्समध्ये मोकळी करता येते.

जागा कुठली? पंचवीस जण असतील तर तीन रांगा, प्रत्येक रांग चार मीटरच्या आत. रेकॉर्डर पहिल्या रांगेपासून अडीच मीटरवर, तिच्या डोक्यांच्या एक मीटर वर, तोंड किंचित खाली करून मागच्या रांगेकडे. जमिनीपासून साधारण पावणेतीन मीटर उंची झाली, म्हणजे फोटोचा साधा ट्रायपॉड पुरत नाही, लाइटचा उंच स्टँड लागतो. पायांवर वाळूची पिशवी ठेवा. एवढ्या उंचीवर एच५ हलका वाटतो, पडला की वाटत नाही. माइक खाली, छातीच्या उंचीवर ठेवला तर पहिल्या रांगेतले तीनच गळे ऐकू येतात आणि त्यातला जो मोठ्याने गातो तोच गाण्याचा मालक होतो. अर्धवर्तुळ फार उघडं केलं तर टोकाची माणसं माइकच्या कडेला जातात आणि त्यांचा आवाज मळकट येतो.

चर्च दगडी, छप्पर उंच आणि खाली शहाबादी फरशी असेल तर घुमारा दोन सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. बीट मिनिटाला ८७ ठोक्यांची धरली तर एक ठोका ०.६९ सेकंदाचा. म्हणजे एक अक्षर गाऊन झालं तरी जवळजवळ तीन ठोके ते भिंतींवर फिरत राहणार. त्यावर दुसरा शब्द चढला की सगळं लगद्यासारखं होतं. याला यंत्र काही करू शकत नाही, गाणं करू शकतं. क्वायरच्या ओळी लांब स्वरांच्या ठेवा, भराभर व्यंजनं सगळी रॅपला द्या. मोठ्या अभंगाचा साचा इथे आयता जमतो : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. पूर्ण बारला, म्हणजे चार ठोक्यांना, एक चरण दिला तर प्रत्येक सहाक्षरी चरणामागे श्वासाला जागा उरते, आणि शेवटची चार अक्षरं ताणता येतात. घुमारा बसतो तो नेमका त्या ताणलेल्या अक्षरावर. तरीही जास्त वाटलाच तर क्वायरसमोरच्या फरशीवर सतरंज्या अंथरा आणि रेकॉर्डर अर्धा मीटर पुढे घ्या. आधी एकदा जोरात टाळी वाजवून ती विरेपर्यंत मोजा, सतरंजीचा निर्णय तिथेच होतो.

टाळीचं प्रकरण वेगळं. भजनाच्या सवयीच्या मंडळीची टाळी समेवर पडते. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर टाळी, पाचवीवर काल. गॉस्पेलची टाळी पडते चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे केरव्याच्याच हिशेबात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तालमीत हे दहा मिनिटं जमतं, आणि गाणं रंगात आलं की निम्मी मंडळी समेवर परत येतात. त्यात टाळीचं टोक गळ्यापेक्षा बरंच उंच उडतं आणि पातळी टाळीसाठी खाली आणावी लागते, गाणं बारीक पडतं. यावर उपाय एकच : गाताना हात खाली. टाळ्या नंतर वेगळ्या टेकमध्ये, सहा-सात जणांच्या, दोनतीनदा घ्या.

पातळी लावताना सगळ्यात हळू ओळीवर नाही, सगळ्यात मोठ्या 'हालेलूया'वर लावा. टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं की पुरे. तालमीपेक्षा खऱ्या टेकला माणसं जास्त जोराने गातात, ती जागा आधीच सोडलेली बरी. ऑटो लेव्हल बंद ठेवा. तो चालू असेल तर हळू ओळीला यंत्र आवाज वर ओढतं, पंख्याची घरघर पुढे येते, आणि मग एकदम क्वायर उसळला की सगळं दाबून टाकतं. गॉस्पेलचा सगळा जीव त्या चढण्यात असतो, तोच सपाट होतो. एच५मध्ये बॅकअप रेकॉर्डची सोय आहे, ती मात्र आवर्जून चालू करा : तोच टेक १२ डेसिबल खालच्या पातळीवर दुसऱ्या फाइलमध्ये पडतो. शेवटच्या कडव्यात मुख्य फाइल फाटली तर तेवढा तुकडा बॅकअपमधून घेऊन वर उचलता येतो. झूमच्याच नव्या एसेन्शियल मालिकेत ३२ बिट फ्लोट, म्हणजे पातळी चुकली तरी नंतर सावरता येणारं रेकॉर्डिंग, आलं आहे, तिथे ही चिंता जवळजवळ संपते. एच५ला ते नाही. आज नव्याने पैसे घालणाऱ्याने हा फरक डोक्यात ठेवूनच दुकानात जावं.

फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला एक जीबीच्या आसपास जागा जाते, बॅकअपसह दोन. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच लागतं. इथे हमखास चूक होते : ३२चं हल्ली कमी मिळतं म्हणून ६४चं आणलं जातं, आणि एच५ला ते चालत नाही. कार्ड यंत्रातच फॉरमॅट करून न्या. सेल रिचार्जेबल असतील तर मेनूत तसं सांगावं लागतं, नाहीतर बॅटरीची खूण खोटं बोलते. नुसत्या पुढच्या माइकांवर अल्कलाइन सेल १५ तासांपर्यंत जातात असं कंपनी म्हणते. ४८ व्होल्ट फँटम (काही माइकांना केबलमधून लागणारी वीज) चालू केला की हा हिशेब विसरा. चर्चमध्ये अडॅप्टरपेक्षा सेलच बरे, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की अडॅप्टरमधून गुणगुण आत शिरू शकते.

सुराची एक गाठ इथेच सोडवून टाका. लॅपटॉपवरची बीट ४४०च्या सुरात (इंग्रजी 'ए' सूर ४४० हर्ट्झला) बांधलेली असते. चर्चमधली पेटी तशीच असेल असं नाही. ती ४४२ला असेल तर आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक झाला. एकट्या गळ्यात तो कळत नाही, पंचवीस गळे पेटी धरून गायले आणि खाली सिंथचा बास आला की कानाला टोचतो. फोनवरच्या ट्यूनरने पेटीचा तो 'ए' तपासा आणि बीट तेवढी वर सरकवा. क्वायर खाली ओढत बसू नका, त्यात गळ्याचा पोत बिघडतो. आणि ठोका फक्त संचालकाच्या एका कानात, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये. क्वायरला स्पीकरवर ठोका ऐकवला तर तो रेकॉर्डरलाही ऐकू येतो, आणि मग 'टिक टिक' कायमची चिकटते. सज्जात क्वायरचा एखादा गट उभा करायचा मोह आवरा. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. मागची रांग चार मीटरवर असेल तर काही बिघडत नाही, पंधरा मीटरवरचा सज्जा मात्र मागे पडल्यासारखाच वाटतो.

भागांची वाटणीही बदलावी लागते. उपासनेचा क्वायर सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असा चौपदरी गातो. गॉस्पेलमध्ये बहुतेकदा तीनच पदर असतात. बासवाल्यांना टेनरबरोबर किंवा मुख्य चालीवर घ्या, खालची जागा बीटच्या बासला सोडा. नाहीतर तळाशी दोघांची भांडणं लागतात आणि फोनवर दोघंही ऐकू येत नाहीत.

आता रॅप. पुढच्या एक्सवाय माइकांवर तो घेऊ नका. ते माइक खोली टिपायलाच बनवलेत, तोंडाजवळ धरले की प्रत्येक 'प्र' आणि 'भ' फुटतो. मराठीत महाप्राण भरपूर : प्रभू, भाकर, ख्रिस्त, फळ, प्रत्येकात हवेचा झोत. साधा डायनॅमिक माइक खालच्या तोंडात लावला तर फँटम लागत नाही, पण बटण बरंच वर न्यावं लागतं आणि शांत ओळींत यंत्राची सळसळ ऐकू येते. बीटखाली ती दडते. बीट थांबून नुसता शब्द राहतो तिथे मात्र दडत नाही, आणि अशा गाण्यात कबुलीची ओळ नेमकी तिथेच असते. तोंडापासून एक वीत अंतर, माइक तीस अंश तिरका, मध्ये पॉप फिल्टर, एवढं केलं तर काम भागतं. पण नुसत्या रॅपसाठीच घ्यायचं असेल तर साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) बरा. एच५ यूएसबीवरून इंटरफेस होतो, दोन आत दोन बाहेर, पण त्याला मिनी यूएसबीची जुनी केबल लागते. घरात पडलेल्या मायक्रो आणि टाइप-सीच्या जुडग्यात ती सापडत नाही, आणि ऐन वेळी नाशिकच्या एमजी रोडवर शोधत फिरण्यापेक्षा यंत्राबरोबरच दोन घेऊन ठेवा.

अमेरिकन गॉस्पेल नाशिकला उसनं वाटेल, पण नाशिकचंच शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेलं गाव. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली. आफ्रिकेत वारलेला मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. त्यामुळे हे फार परकं काही आपण आणतोय, असं म्हणायची गरज नाही.

वेळ निवडताना रविवारच्या उपासनेनंतरची धरू नका, गळे थकलेले असतात आणि बाहेर गाड्या निघत असतात. कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर बरं. पंखे बंद, चोक गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट बंद, स्पीकर बंद. लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारी सोय, ८० हर्ट्झवर. उन्हाळ्यात बंद पंख्याखाली पंचवीस माणसं दुसऱ्या टेकला टिकत नाहीत, डिसेंबरात टिकतात, पण थंडीत गळे तापायला वीस मिनिटं द्या. प्रत्येक टेकनंतर रांगा बदला : मागचे पुढे, डावे उजवीकडे. तीन टेक एकावर एक ठेवले की पंचवीसांचे पाऊणशे होतात, आणि माणसं हललेली असल्याने ते खरे पाऊणशे वाटतात. न हलता घेतलेले तीन टेक म्हणजे तीच पंचवीस माणसं जरा जाड झालेली, एवढंच.

नाशिक रोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेत उघड्यावर काही टिपायचं असेल तर बरोबर आलेला स्पंज पुरत नाही, केसाळ वाऱ्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.