दुसरा करार: दोन वर्षांचा की आठ वर्षांचा?

नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत, अठराव्या वर्षी आलेल्या पोराला पहिल्या करारात घासाघीस करायला फारशी जागा नसते. मुदत तीन वर्षं, पगारालाही कमाल मर्यादा. खरी बोलणी होतात ती दुसऱ्या कराराला. तेव्हा समोर असतो एक तर दोन-तीन वर्षांचा ‘ब्रिज’ करार, नाहीतर थेट सहा ते आठ वर्षांचा. (सप्टेंबर 2026 पासून स्वतःच्या क्लबबरोबरची कमाल मुदत आठवरून सातवर येते.)

ब्रिज म्हणजे आज कमी घ्यायचं आणि स्वतःवर पैज लावायची. मॉन्ट्रियलच्या पी. के. सुबानने जानेवारी 2013 मध्ये दोन वर्षांचे मिळून 57.5 लाख डॉलर घेतले. त्याच हंगामात त्याने सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली. ऑगस्ट 2014 मध्ये पगाराच्या वादावर लवादापुढे सुनावणी झाली आणि निकाल यायच्या आत क्लबने आठ वर्षांचे 7.2 कोटी मान्य केले. अर्थात मधल्या दोन वर्षांत गुडघा गेला असता तर हा किस्सा कुणी सांगितला नसता.

लांबच्या करारात ती धाकधूक नाही, पण वाढही नाही. कोलोराडोच्या नेथन मॅकिननने 2016 मध्ये सात वर्षांसाठी वर्षाला सरासरी 63 लाख घेतले. तेव्हा रक्कम रास्त होती. दीड वर्षात तो लीगच्या अव्वल खेळाडूंत गेला, 2022 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही जिंकलं, पगार मात्र तोच. पुढच्या करारात तो थेट दुप्पट झाला: 1.26 कोटी.

आता संघाच्या एकूण पगाराची मर्यादा झपाट्याने वाढतेय, म्हणून माझा कल आखूड मुदतीकडे आहे. 2025-26 ला ती 9.55 कोटी, 2027-28 साठी 11.35 कोटी. वर्षाला 80 लाख घेणाऱ्याचा वाटा आज आठ टक्क्यांच्या वर, दोन वर्षांत जेमतेम सात. त्यातही सही करताना आकड्याआधी मुक्त होण्याचं वर्ष बघावं. सात हंगाम किंवा सत्ताविसावं वर्ष, जे आधी येईल तेव्हा खेळाडू मोकळा होतो, म्हणजे हव्या त्या क्लबकडे जाऊ शकतो. टोरोंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजने 2019 मध्ये म्हणूनच पाच वर्षं घेतली. पण एवढं मागायला त्याच्याइतके गोल हवेत.

आणि ताणून धरलं तर? 1 डिसेंबरपर्यंत सही नाही तर तो हंगाम गेला. टोरोंटोच्याच विल्यम नायलँडरने 2018 मध्ये मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना सही केली. दुसऱ्या क्लबकडून ऑफर शीट, म्हणजे लेखी कराराचा प्रस्ताव आला आणि खेळाडूने त्यावर सही केली तर सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे की खेळाडू सोडायचा, हे आपल्या क्लबला ठरवावं लागतं. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने अशा दोन ऑफरी देऊन एडमंटनचे ब्रोबर्ग आणि हॉलोवे दोघेही नेले. मात्र अशी ऑफर क्वचितच येते. तिच्या भरवशावर बसू नये.

आठ वर्षांवरच मन बसलं असेल तर एजंटला एक विचारून घ्यावं: बदलीला नकार देण्याचा हक्क कोणत्या वर्षापासून? मुक्त होण्याच्या वयाआधीच्या वर्षांना तो मिळत नाही. सुबानचा 1 जुलै 2016 पासून लागू होणार होता. 29 जूनला मॉन्ट्रियलने त्याला नॅशव्हिलला पाठवून दिलं.