प्लांकच्या स्थिरांकासाठी कुठला प्रकाश: नुसता एलईडी, फिल्टर लावलेला एलईडी की पाऱ्याचा दिवा?

प्रकाशविद्युत परिणामाचा (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याचा) प्रयोग मांडून प्लांकचा स्थिरांक काढताना, जिच्यात हे इलेक्ट्रॉन सुटतात त्या नळीपेक्षा, म्हणजे फोटोट्यूबपेक्षा, जास्त डोकं खातो तो प्रकाश. एकाच तरंगलांबीचा हवा असतो, हाती येतो तो पसरलेला.

नुसता एलईडी सगळ्यात स्वस्त. पण '४७०' लिहिलेल्या निळ्या एलईडीच्या तरंगलांब्यांचा पट्टा तीव्रतेच्या निम्म्या उंचीवर साधारण २५ नॅनोमीटर रुंद असतो, आणि इथे गोम आहे: स्टॉपिंग व्होल्टेज (इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नेमका थांबवणारं उलटं व्होल्टेज) ठरवतो तो पट्ट्याचा मधला भाग नव्हे, तर सर्वांत कमी तरंगलांबीचा प्रकाश. ४७० ला फोटॉनची ऊर्जा २.६४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, निम्म्या उंचीच्या कडेला, म्हणजे ४५७.५ ला, २.७१. म्हणजे ०.०७ व्होल्ट फुकटात वाढले. ५९० च्या पिवळ्या एलईडीचा पट्टा जेमतेम १७ चा, तिथे वाढ ०.०३ च. दोन रंगांत चूक सारखी नसल्यामुळे स्टॉपिंग व्होल्टेज आणि प्रकाशाची वारंवारता यांच्या आलेखाचा चढ, ज्यावरून स्थिरांक काढतात, तो बदलतो आणि स्थिरांक साधारण आठ टक्के जास्त येतो. विद्यार्थी मग फोटोट्यूबला दोष देतात.

डेटाशीटवर आकडेही दोन असतात: 'पीक' आणि 'डॉमिनंट'. डॉमिनंट हा डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचा आकडा. हिरव्यात दोघांत पाच-सात नॅनोमीटरचा फरक सहज पडतो. पीकच पाहा.

इंटरफेरन्स फिल्टर (पातळ थरांच्या मदतीने एकच अरुंद पट्टा सोडणारी काच) १० नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा मिळतो, पण काही हजार रुपये मोजावे लागतात. शिवाय त्यात प्रकाश तिरका शिरला की पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो: ४७० चा फिल्टर ३० अंशांना ४५५ च्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे आपल्याला नको त्याच बाजूला! त्यामुळे एलईडीपुढे भिंग लावून किरण समांतर करावे लागतात, प्रकाशही बराच जातो, आणि करंट आधीच चिमूटभर.

माझं मत रंगीत काचेच्या बाजूने आहे, त्यातही कमी तरंगलांब्या अडवून जास्तीच्या सोडणाऱ्या काचेच्या. आपली अडचण एकाच बाजूची, मग दोन्ही बाजू कापायचे पैसे कशाला? शॉट या जर्मन कंपनीच्या काचांच्या नावातच कापणीची जागा नॅनोमीटरमध्ये असते: निळ्यासाठी जीजी ४७५, हिरव्यासाठी ओजी ५३०, पिवळ्यासाठी ओजी ५९०. कोनाची चिंता नाही. कडा मात्र उतरणीची असते आणि काचेच्या जाडीप्रमाणे सरकते, म्हणून आलेखात एलईडीचा आकडा न घालता काच लावून मोजलेली कडा घाला. महाविद्यालयात स्पेक्ट्रोमीटर असतोच. जिलेटिनचे स्टेजवाले रंगीत कागद नकोत, त्यांच्या कडा फारच ढिल्या.

पाऱ्याचा दिवा अचूकतेत सगळ्यांना मागे टाकतो. ३६५, ४०४.७, ४३५.८, ५४६.१ नॅनोमीटर या रेषा, म्हणजे जवळपास एकेकाच तरंगलांबीचा प्रकाश, निसर्गानेच आखून दिल्या आहेत. तिथे फिल्टरचं काम शेजारची रेषा अडवण्यापुरतंच. पण दिवा तापायला वेळ घेतो, अतिनील किरणं सोडतो, आणि फुटला तर पारा सांडतो. संशोधनाचा दर्जा हवा, सांभाळणारा माणूस आहे, तर हाच घ्या. पंचवीस जणांच्या बॅचला मी एलईडी आणि काचच देईन.

कुठलाही पर्याय घ्या, काळं कापड विसरू नका. खोलीतली ट्यूबलाइट एलईडीची नसून जुन्या फ्लुरोसंट प्रकारची असेल, तर तिच्यातही पारा असतो, आणि त्याची ४३५.८ ची रेषा फटीतून बरोबर आत शिरते.