मोरपिसाच्या दांडीचा फ्लोट : शांत तळ्यावर याला तोड नाही

गळाने मासे धरताना पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारे प्लास्टिकचे रंगीत फ्लोट दुकानात ढिगाने मिळतात. तरीही साचलेल्या पाण्यात, तळाशी चरणाऱ्या माशांसाठी मोरपिसाच्या दांडीचा 15 सेंमीचा साधा फ्लोटच घ्यावा. दांडीच्या आत पांढरा, फोमसारखा गर असतो. त्यामुळे ती अतिशय हलकी असते आणि माशाने चाऱ्याला नुसतं तोंड लावलं तरी टोक हलतं. जाड, पोकळ प्लास्टिकला एवढं हळवेपण नसतं.

घेताना दांडी बोटांत फिरवून सरळ आहे का ते पाहा. नख दाबल्यावर खळगा पडला तर ती ठेवून द्या. तयार फ्लोटची खरी खोड दोन्ही टोकांना असते. कापलेल्या जागी वार्निश नीट बसलेलं नसेल, तर गर पाणी पितो आणि तासाभरात फ्लोट खाली बसायला लागतो. घरी बादलीत तासभर ठेवून तपासा. बसत असेल तर पूर्ण वाळवून दोन्ही टोकांना नेलपॉलिशचे दोन हात द्या. खाली चिकटवलेली तारेची कडी लवकर निखळते. ती काढून टाकून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा (बारीक रबरी नळीचा) 1 सेंमीचा तुकडा वापरावा. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आधी ट्यूबमधून ओवायचा आणि मग दांडीचं खालचं टोक आत दाबायचं. वरच्या टोकाला काहीही बांधायचं नाही.

तंगुसाला वजन म्हणून किती शिसं लावायचं ते बादलीतच ठरवा. फ्लोटखाली तंगुसाचा आखूड तुकडा बांधून त्यावर शिशाच्या गोळ्या वाढवत जा. टोक जेमतेम 1 सेंमी वर उरलं की त्यात आणखी एक बारीक गोळी घाला, म्हणजे फ्लोट बुडेल. हे जास्तीचं वजन मुद्दाम ठेवायचं असतं, कारण तळ्यावर त्यानेच खोली कळते. फ्लोट बुडाला तर तंगूस कमी पडतोय, आडवा पडला तर तळ लागून तंगूस उरतोय. फ्लोटपासून गळापर्यंतचं अंतर खोलीपेक्षा 20-30 सेंमी जास्त ठेवा, काठी टेकूवर ठेवा आणि फ्लोटचं टोक उभं राहीपर्यंत रीळ हळूच गुंडाळा. सगळं शिसं गळापासून 5-6 सेंमीवर, एकाच जागी हवं.

आता मजा बघा. रोहू आणि मृगळ यांचं तोंड खालच्या बाजूला असतं. चारा उचलायला मासा डोकं खाली करतो. तो सरळ झाला की शिसं तळावरून सुटतं आणि पाण्यात उभी असलेली दांडी बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवी होऊ लागते. ती वर येत असतानाच मनगटाने झटका द्यायचा. बुडायची वाट पाहिली तर मासा चारा थुंकून गेलेला असतो. नवख्यांचे बहुतेक मासे इथेच सुटतात. चिलापी आधी टोक थरथरवते, तेव्हा हात आवरावा. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या पाण्यात चरतो, त्याच्यासाठी ही मांडणी निरुपयोगी आहे.

चाऱ्याला 2 वाट्या कणीक, 1 वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि जेमतेम पाणी. सैल मळलं तर फेकतानाच गळून पडतं, फार घट्ट झालं तर गळाचं टोक आत अडकून राहतं आणि झटका वाया जातो. चिलापीला 10 किंवा 12 नंबरचा गळ आणि 0.20 मिमी तंगूस पुरतो.

सर्वांत मोठी उणीव: वारा. दुपारी वारा सुटला की पाण्यावर पसरलेला तंगूस कमानीसारखा वाकतो आणि फ्लोट ओढत नेतो. फेकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवून तंगूस पाण्याखाली घ्यावा. तरीही सरकत असेल तर जागा बदला. लांब फेकायलाही हा फ्लोट नाही, 8-10 मीटरच्या आतच तो चांगला चालतो.

गळून पडलेल्या पिसांचे फ्लोट देशात चालतात, परदेशी नेण्यास किंवा पाठवण्यास मात्र बंदी आहे. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी परवानगी घ्या. पवई तलावासारख्या ठिकाणी मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला पाय सोडून बसू नका.

वापर झाल्यावर फ्लोट ओल्या पिशवीत कोंबू नका, उभा टांगून वाळवा.