व्हॉक्सेंगो स्पॅन: जुन्या कॅसेटींच्या दुरुस्तीतला सोबती

व्हॉक्सेंगोचे ‘स्पॅन’ हे मोफत प्लगइन, म्हणजे ध्वनीतील कोणती वारंवारता किती जोरात आहे हे आलेखावर दाखवणारे संगणकीय जोडसाधन, मी ध्वनिमिश्रणासाठी नियमित वापरतो. परंतु त्याचे मोल मला जुन्या कॅसेटींवरील घरगुती मैफली स्वच्छ करताना कळले. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे अशा ध्वनिमुद्रणात शिरलेली विजेची गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सुळक्यांसारखी दिसते. पहिला सुळका ५२ हर्ट्झवर आढळला, तर कॅसेट मूळ वेगापेक्षा सुमारे ४ टक्के जलद वाजते आहे असे समजावे आणि आधी वेग दुरुस्त करून मगच गुणगुण काढणारा फिल्टर लावावा. त्यामुळे गायकाचा षड्ज आपल्या जागी परततो, आणि माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

एवढा बारकावा दिसण्यासाठी मात्र ब्लॉक साइझ, म्हणजे एका वेळी तपासल्या जाणाऱ्या ध्वनिनमुन्यांची संख्या, वाढवावा लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या ध्वनिमुद्रणात ४,०९६ नमुन्यांचा ब्लॉक घेतल्यास आलेखावरील दोन बिंदूंमधील अंतर जवळजवळ ११ हर्ट्झ राहते, तर १६,३८४ नमुन्यांत ते २.७ हर्ट्झवर येते.

मिश्रण करताना आलेखाचा प्रति सप्तक ४.५ डेसिबलचा मूळ उतार (उच्च वारंवारतांकडे जाताना आलेख तेवढा वर उचलून दाखवला जातो) सहसा बदलू नये. कंट्रोल कळ दाबून आलेखावर क्लिक केल्यास तेवढाच वारंवारतेचा पट्टा ऐकू येतो, ही सोय मला सर्वांत आवडते, कारण तंबोऱ्याचा स्वर आणि गुणगुण शेजारी आल्यास निवाडा कानानेच करावा लागतो. क्षणिक खरखर शोधायला मात्र काळाचा अक्ष दाखवणारा स्पेक्ट्रोग्रामच हवा.